काठी नंबर सात

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं होतं :
वजनमापे निरीक्षक, निवृत्त.
बिश्केकच्या विमानतळावर नुर्झात ते वाचून हसली.
म्हणाली, चला, यंदा एक तरी
कामाचा प्रवासी आला.

बाकी लिऑनचा एक दंतवैद्य, दोन कोरियन बहिणी.
पैसे भरून आलेले, माझ्यासारखेच.
खिशात सुके जर्दाळू,
आणि हिमनदीला आपली गरज आहे असा
थोडासा, झाकलेला ताठा.

तिसऱ्या दिवशी बर्फ लागला.
पांढरा नव्हता. भांडी घासून उरलेल्या राखेसारखा,
आणि आत कुठेतरी पाणी सारखं बोलत होतं.
बुटांना लोखंडी दात बांधून आम्ही चाललो
बदकांसारखे फेंगडे, एका दोरीत.

काम तसं सोपं.
तीन वर्षांपूर्वी बर्फाला भोकं पाडून
आठ-आठ मीटर खोल काठ्या पुरल्यात.
दर उन्हाळ्यात मोजायचं, आणखी किती बाहेर आली.
काठी वर येत नाही, बर्फ खाली बसतो,
पण डोळ्यांना वाटतं, काहीतरी उगवतंय.

टेप मी धरली. ताणायची, पण ओढायची नाही.
नजर आकड्याच्या समोर, तिरकी नाही.
आकडा मोठ्याने म्हणायचा,
दुसऱ्याने परत म्हणायचा, मगच लिहायचा.
काठी एक. दोन मीटर चौदा.
दोन मीटर चौदा, दंतवैद्य म्हणाला,
एखाद्याला दात काढावा लागेल असं सांगावं तसा.

तीस वर्षं मी बाजारातून हिंडले.
पोकळ केलेली किलोची वजनं पाहिली,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
बोटाने खरवडून काढली, पंचनामा केला.
इथे कुणाचं पारडं उलटं करायचं?
दिल्लीहून इथवर विमानाने आलेली मी
हातमोजा काढून उगाच
स्वतःच्याच पायाखाली बोट फिरवून पाहिलं.
थंड. ओलं. बाकी काही लागलं नाही.

काठी नंबर सात आडवी पडली होती.
चारही तुकडे, तारेत गुंतलेले, उन्हात.
मी टेप उघडली आणि तशीच धरून राहिले.
शून्य लिहू? मी विचारलं.
नाही, नुर्झात म्हणाली. शून्य हेही माप आहे.
लिही, काठी सुटली.

खाली असिलकानच्या तंबूत चहा झाला.
याच पाण्यावर तिचं गवत.
तिने भुवया उंचावल्या : किती?
नुर्झात बाहेर होती, भाषा तिच्यासोबत.
मी दोन्ही हात पसरले. वाव.
कुलाच, असिलकान म्हणाली.
मग मी वीत ठेवली चटईवर.
कारिश, ती म्हणाली, आणि शेजारी तिची ठेवली.
माझ्याहून बोटभर लहान.
दोघींनी त्या बोटभर फटीकडे पाहिलं.
प्रमाणित करायला कुणी गेलं नाही.

तिला काठीचा एक तुकडा हवा होता,
शिंगरं बांधायच्या दोरीला एक खुंटी कमी पडत होती.
नियमाने सगळं खाली न्यायचं असतं.
नुर्झातने नियम आठवला, डोकं खाजवलं,
आणि तुकडा देऊन टाकला.

सकाळी निघताना पाहिलं :
तांबूस शिंगरू, दोरी, खुंटी,
खुंटीवर काळ्या रंगाच्या खुणा.
सवयीने वाचलं. एक मीटर दहा, जमिनीच्या वर.
मोठ्यानेच म्हटलं.
शिंगराने कान हलवला.
परत म्हणायला तिथे कुणी नव्हतं,
म्हणून लिहिलं नाही.